खुनी सापडलाच पाहिजे का?

आरोपीचा वकील पेरी मेसन खुर्चीतून उठतो, साक्षीदारासमोर जाऊन उभा राहतो आणि प्रश्न विचारू लागतो. पहिले प्रश्न साधे असतात. त्या रात्री तुम्ही कुठे होतात, दिवा चालू होता की बंद, दार आतून लावलेलं होतं का. तेवढ्यात कोर्टाचं मागचं दार उघडतं, खासगी गुप्तहेर पॉल ड्रेक आत येतो आणि मेसनच्या हातात एक चिठ्ठी ठेवतो. मेसनचा सूर बदलतो. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर हरकत घेतो, न्यायाधीश ती फेटाळतात. मग साक्षीदाराच्या खुर्चीतलं किंवा मागच्या बाकावरचं कुणीतरी कोसळतं: हो, मीच मारलं.

अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर २१ सप्टेंबर १९५७ ला सुरू झालेली ‘पेरी मेसन’ ही मालिका २२ मे १९६६ ला संपली. नऊ वर्षांत २७१ भाग झाले आणि त्यांतला एक सोडला तर बाकी सगळे कृष्णधवल. पुनःप्रक्षेपण मात्र संपलंच नाही. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये एका स्थानिक वाहिनीने चाळीसहून अधिक वर्षं भर दुपारी मेसन दाखवला. तिकडे आजोबांनी पाहिलेले भाग नातवंडांनी पाहिले. शेवट ठाऊक असलेली गोष्ट माणसं पुन्हा पुन्हा का पाहतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं धरून आहे. उत्तर शोधताना माझं एक मत तयार झालं आणि ते मालिकेच्या कौतुकाचं जितकं आहे तितकंच तक्रारीचंही आहे.

मला मेसन आधी पुस्तकांतून भेटला. कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून अर्ल स्टॅनली गार्डनरच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्या घ्यायच्या आणि लोकलमध्ये संपवायच्या. मालिका पाहिली ती फार उशिरा, इंटरनेट हाताशी आल्यावर. पहिल्या दहाएक भागांत मी खुनी ओळखायच्या नादात होतो. मग तो नाद सुटला. भागाचा साचा इतका ठरलेला होता की खुनी कोण याला फारसं महत्त्वच उरलं नाही. पहिल्या अर्ध्या तासात एक वाईट माणूस अनेकांशी वाकडं घेतो आणि मरतो. तो वाईट असल्यामुळे त्याच्यासाठी आपला जीव तुटत नाही. मेसनच्या अशिलाचे ठसे किंवा पिस्तूल तिथे सापडतं. उरलेला वेळ कोर्टाचा. हा कोर्टाचा भाग मी आवाज वाढवून, समोर वही घेऊन पाहू लागलो.

तिथे मला असं काही दिसलं जे आपल्या सार्वजनिक जीवनात फार कमी दिसतं. एक माणूस प्रश्न विचारतो आणि दुसऱ्याला त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. विषय बदलता येत नाही, ‘आधी तुम्ही सांगा’ म्हणता येत नाही. समोरचा पक्ष मध्ये बोलू शकतो, पण कारण सांगून: प्रश्न सूचक आहे, ऐकीव आहे, मुद्द्याशी संबंधित नाही. ते कारण पटलं की नाही हे न्यायाधीश तिथल्या तिथे ठरवतात आणि दोघंही ते मानतात. संध्याकाळी बातम्यांच्या वाहिनीवर आठ चौकटींत आठ माणसं एकाच वेळी ओरडताना पाहिली की या जुन्या कृष्णधवल कोर्टाची किंमत कळते. ज्याच्यावर सगळ्यांनी बोट दाखवलंय, त्याच्या बाजूचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जाणार, याची तिथे खात्री असते. माझ्या मते या मालिकांचा जीव त्यातच आहे. लोक ‘सत्याचा विजय’ बघायला बसतात असं म्हणतात, मला ते अपुरं वाटतं. सत्याचा विजय तर पौराणिक मालिकेतही होतो. इथे तो प्रश्नोत्तरांतून, समोरच्याला बोलू देऊन होतो.

टीकाकारांचं म्हणणं वेगळं आहे. खऱ्या कोर्टात असं कधी घडत नाही, खुनी उठून कबुली देत नाही, खटला एका तासात संपत नाही. हे सगळं खरंच आहे. अमेरिकन वकिलांच्या बोलण्यात ‘पेरी मेसन क्षण’ हा शब्दप्रयोग रुळलाय, तो याच न घडणाऱ्या गोष्टीसाठी. २०२० साली याच नावाने आलेल्या नव्या मालिकेत तर बर्गरच मेसनला बजावतो की साक्षीदाराच्या खुर्चीत कुणी कबूल होत नसतं. पण ही टीका मला वरवरची वाटते. नाटकात तीन तासांत तीन पिढ्या होतात, म्हणून कुणी त्याला खोटं म्हणत नाही. वेळ आटवणं, योगायोग जुळवणं हा कथेचा हक्क आहे.

माझी तक्रार दुसरी आहे. मेसनचं अशील जवळजवळ नेहमीच निर्दोष असतं, आणि ते निर्दोष आहे हे आपल्याला पटतं कारण मेसन दुसरा दोषी आणून दाखवतो. नऊ वर्षं दर आठवड्याला कोट्यवधी घरांत हे शिकवलं गेलं: तू केलं नाहीस म्हणतोस ना, मग कोणी केलं ते सांग.

कायद्याचं म्हणणं याच्या उलट आहे. गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावर असतं आणि ते वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. आरोपीने गप्प बसून राहावं, एकही साक्षीदार आणू नये, तरी सरकार पक्षाची साखळी एका कडीपाशी तुटली तर त्याला सोडावं लागतं. खुनी कोण हे सांगणं त्याचं काम नाही. मेसनचे बहुतेक खटले तर पूर्ण खटलेही नाहीत. त्या प्राथमिक सुनावण्या आहेत, ज्यात ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक, बसत नाही. तिथे न्यायाधीशापुढे प्रश्न एवढाच असतो की आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का. म्हणजे मेसनने फक्त तो पुरावा तकलादू आहे एवढं दाखवलं असतं तरी त्याचं काम झालं असतं. पण तेवढ्यावर प्रेक्षकाचं समाधान होणार नाही असं मालिका करणाऱ्यांना वाटलं. ‘संशयाचा फायदा देऊन मुक्तता’ हे शब्द ऐकून घरी परतलेल्या माणसाकडे शेजारी कसे बघतात हे ज्याने पाहिलंय, त्याला कळेल की त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. आपल्याकडेही ‘पुराव्याअभावी सुटला’ हे वाक्य सुटकेसारखं उच्चारलं जात नाही, आरोपासारखं उच्चारलं जातं.

गार्डनरला हे कळत नव्हतं असं नाही. तो स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला माणूस. गरीब चिनी आणि मेक्सिकन अशिलांची कामं घ्यायचा. १९४८ मध्ये त्याने ‘आर्गोसी’ मासिकातून एक उपक्रम सुरू केला, त्याचं नाव ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’, म्हणजे शेवटचा आसरा असलेलं न्यायालय. चुकीने शिक्षा झाली असं वाटणाऱ्या कैद्यांची प्रकरणं तज्ज्ञ घेऊन पुन्हा तपासायची, असा तो उद्योग. ज्यांना मेसन मिळाला नाही अशा माणसांची कागदपत्रं त्याच्या टेबलावर येत होती. लिहिताना मात्र तो प्रत्येक आरोपीला मेसन मिळवून देत राहिला. यात मला ढोंग दिसत नाही, एक तळमळ दिसते. तरीही नुकसान व्हायचं ते झालंच.

आणि ते मालिकेतल्याच एका माणसाच्या वाट्याला आलं. हॅमिल्टन बर्गरचं काम करणारा विल्यम टॉलमन, दर आठवड्याला हरणारा सरकारी वकील. मार्च १९६० मध्ये बेव्हर्ली हिल्समधल्या एका खासगी पार्टीवर पोलिसांनी धाड घातली. पकडलेल्यांत टॉलमन होता. आरोप असभ्य वर्तनाचा. खटला उभा राहायच्या आत, काही दिवसांतच, सीबीएसने करारातल्या नीतिमत्तेच्या कलमावर बोट ठेवून त्याला काढून टाकलं. जूनमध्ये न्यायाधीशांनी पुराव्याअभावी आरोप रद्द केले. तरी वाहिनी त्याला परत घेईना. मेसनचं काम करणारा रेमंड बर आणि निर्माती गेल पॅट्रिक जॅक्सन यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, तेव्हा कुठे वर्ष संपता संपता तो बर्गरच्या खुर्चीत परत आला.

हे वाचल्यावर मी काही दिवस मालिका पाहू शकलो नाही. ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ या तत्त्वावर उभ्या असलेल्या कार्यक्रमाच्या वाहिनीने आपल्याच नटाला ते तत्त्व लावलं नाही, आणि कोर्टाने सोडल्यावरही लावलं नाही. टॉलमनजवळ मेसन नव्हता. ‘खरा दोषी’ म्हणून कुणाला उभं करणंही शक्य नव्हतं, कारण तिथे दुसरा गुन्हेगार असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्याजवळ होता फक्त एक कोर्टाचा आदेश, की तुझ्याविरुद्ध पुरावा नाही. तो पुरेसा ठरला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ मनाचा नाही, वर्षांचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसं कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने ती सगळी आज निर्दोष आहेत. समाजाच्या दृष्टीने नाहीत. अटकेच्या दिवशी नाव छापून येतं आणि गावात निकाल लागून जातो. आठ वर्षांनी सुटका झाली तर ती आतल्या पानावरही येत नाही. याचं खापर मी टीव्हीवरच्या नाट्यमय कोर्टांवर फोडत नाही, तुरुंग त्यांच्यामुळे भरलेले नाहीत. पण निर्दोष असणं म्हणजे दुसरा कोणीतरी दोषी सापडणं, ही जी आपल्या मनातली अट आहे, तिला या मालिकांनी खतपाणी घातलं हे मला नाकारता येत नाही.

मेसनच्या काळातच दुसरा रस्ता धरणारी मालिका त्याच वाहिनीवर होती. रेजिनल्ड रोझ याने निर्माण केलेली ‘द डिफेंडर्स’, १९६१ ते १९६५, भाग १३२. लॉरेन्स आणि केनेथ प्रेस्टन हे बाप-लेक वकील, भूमिकांत ई. जी. मार्शल आणि रॉबर्ट रीड. बारा ज्युररांना एका खोलीत कोंडून त्यांच्यातल्या एकाच्या मनातला संशय हळूहळू बाकीच्यांच्या मनात कसा उतरतो, हे १९५४ मध्ये टीव्हीवर दाखवणारा लेखक हाच रोझ. प्रेस्टन बाप-लेकांची अशिलं अनेकदा दोषी असायची आणि ते कधीकधी हरायचेही. चर्चा असायची ती कायदा न्याय्य आहे का याची. २८ एप्रिल १९६२ ला त्यांनी गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरचा खटला दाखवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करायला तेव्हा अकरा वर्षं अवकाश होता. नेहमीच्या जाहिरातदारांनी हात काढून घेतले, तरीही भाग दाखवला गेला. या मालिकेला उत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी पारितोषिक सलग तीन वर्षं मिळालं. पुनःप्रक्षेपणात मात्र ती मेसनपुढे जवळजवळ नाहीशी झाली. पारितोषिकं देणाऱ्यांनी एक निवडलं आणि दुपारी जेवताना टीव्ही लावणाऱ्यांनी दुसरं. दुपारच्या प्रेक्षकाला मी कमी लेखत नाही. दिवसभर अनिश्चिततेत जगणाऱ्या माणसाला एक तासाची खात्री हवीशी वाटते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दु:ख एवढंच की दोन्हींसाठी जागा होती आणि ती दोन्हींना मिळाली नाही.

इंग्लंडने हा पेच अधिक चांगला सोडवला असं मला वाटतं. जॉन मॉर्टिमर हा स्वतः बॅरिस्टर. त्याने लिहिलेला आणि लिओ मॅककर्नने केलेला होरेस रम्पोल १९७५ मध्ये बीबीसीच्या एका नाटकातून आला आणि १९७८ पासून थेम्स टेलिव्हिजनवर मालिकेच्या रूपात १९९२ पर्यंत येत राहिला. त्याच्या अशिलांत टिमसन हे एक अख्खं कुटुंब आहे, ज्यांचा पिढीजात धंदाच चोरी. रम्पोलला ते ठाऊक असतं, आपल्यालाही. तरी या वेळी, या आरोपात, सरकार पक्षाने सिद्ध केलंय का, एवढाच त्याचा प्रश्न. तो ज्या ‘सोनेरी धाग्या’ची आठवण करून देत राहतो, तो १९३५ च्या वूलमिंग्टन खटल्यातला. डॉर्सेटमधल्या रेजिनल्ड वूलमिंग्टन नावाच्या तरुण शेतमजुराच्या बंदुकीची गोळी लागून त्याची बायको मेली. गोळी चुकून सुटली असं त्याचं म्हणणं. ज्युरीला सांगितलं गेलं की हे त्याने सिद्ध करावं. त्याला फाशीची शिक्षा झाली. तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली आणि लॉर्ड सँकी यांनी निकालात म्हटलं की इंग्लिश फौजदारी कायद्यात सर्वत्र एक सोनेरी धागा दिसतो: कैद्याचा दोष सिद्ध करणं हे सरकार पक्षाचं कर्तव्य आहे. आपल्या न्यायालयांतही हाच धागा आहे. तो करमणुकीत ओवता येतो आणि लोक तरीही खिळून बसतात, हे रम्पोलने दाखवून दिलं.

मराठी माणसाने खऱ्या कोर्टाकडेही असं खिळून पाहिलंय. २७ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाच्या सुनावणीचं थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी त्यात शिवसेनेच्या दोन गटांचा वाद होता. लोक दुकानाच्या गल्ल्यावर फोन टेकवून वकील कपिल सिब्बलांचा युक्तिवाद ऐकत होते. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट हा शब्द रिक्षात ऐकू आला. नाट्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं; तासन्‌तास कागदांचे पृष्ठक्रमांक आणि जुन्या निकालांचे संदर्भ. तरी ऐकणारे ऐकत राहिले. प्रेक्षकाला कबुलीजबाबाशिवाय दुसरं काही पचत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी तो दिवस आठवायला सांगेन. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ही आपल्यासमोर आहेच. त्यात एका लोकशाहिरावरच्या खटल्यात सरकारी वकील एका सुरात कलमं वाचून दाखवते, तारखा पडत जातात, आणि न्यायाधीश, वकील सगळे संध्याकाळी आपापल्या घरी जातात. मेसनच्या नेमका उलट चित्रपट, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एवढं बोलूनही मी मेसन पाहायचा सोडलेला नाही, आणि त्याचं एक कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसतं. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर लहानपणी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या सरकारी वसाहतीत राहत. मेसन पाहून आपण कायद्याकडे वळलो असं त्यांनी सांगितलंय. २००९ मध्ये त्यांच्या नियुक्तीच्या वेळी सिनेटसमोर त्यांनी एका भागाची आठवण काढली. एवढे कष्ट घेऊन शेवटी आरोप मागे घ्यावे लागले की वाईट वाटत असेल ना, असं मेसन सरकारी वकिलाला विचारतो. तो म्हणतो, नाही. माझं काम न्याय करणं आहे, दोषी माणसाला शिक्षा झाली तर तो होतो आणि निर्दोष माणसाला झाली नाही तरी तो होतो. त्या मुलीला हरणारा बर्गर आवडला, आणि मोठी होऊन ती आधी सरकारी वकीलच झाली. कबुलीजबाबांनी भरलेल्या मालिकेतून एका मुलीने उचललं ते हे एक वाक्य. म्हणजे ते तिथे होतं. पाहणाऱ्याने कुठे पाहावं हा प्रश्न आहे, आणि माझं म्हणणं इतकंच की शेवटच्या पाच मिनिटांऐवजी त्याआधीच्या वीस मिनिटांकडे पाहावं, उलटतपासणीकडे.

मालिका ऐन भरात असताना, १९६३ मध्ये, फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एक खरा खटला उभा राहिला. क्लॅरेन्स अर्ल गिडियन, पन्नाशी उलटलेला, फिरस्ता, आधी तुरुंग भोगून आलेला. दोन वर्षांपूर्वी एक पूलरूम, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल खेळायची जागा, फोडून यंत्रांतली नाणी चोरल्याचा त्याच्यावर आरोप झाला होता. वकील करायला पैसे नव्हते, सरकारने दिला नाही, त्याने स्वतःच स्वतःचा खटला लढवला आणि पाच वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १८ मार्च १९६३ ला न्यायालयाने एकमताने ठरवलं की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे.

ऑगस्टमध्ये खटला पुन्हा चालला. या वेळी त्याच्या बाजूला फ्रेड टर्नर नावाचा स्थानिक वकील होता. टॅक्सीवाल्याने साक्ष दिली की त्या पहाटे गिडियनने त्याला बजावलं होतं, मला नेलंस हे कुणाला सांगू नकोस. ऐकणाऱ्या कुणालाही हे चोराचं बोलणं वाटेल. टर्नरने उठून विचारलं, असं तो तुम्हाला याआधीही कधी म्हणाला होता का? टॅक्सीवाला म्हणाला, तो दर वेळी म्हणायचा. का? बायकोशी त्याचं पटत नव्हतं म्हणून.

कोणी कोसळलं नाही, मागच्या बाकावरून कोणी उठलं नाही. ज्युरी तासाभरात परतली आणि तिने गिडियनला निर्दोष ठरवलं. पूलरूम कोणी फोडली, हे त्या दिवशी त्या कोर्टात सिद्ध झालं नाही.